दिवाळी अंकाची अनुक्रमणिका ॲपला पुरवणारी सेवा: वर्डप्रेससाठी स्वतःचं प्लगइन

अंकाची साइट वर्डप्रेसवर आहे. अंकात पन्नास-साठ लेख आहेत. ॲप बनवणाऱ्याला फक्त अनुक्रमणिका हवी आहे: लेखाचं नाव, लेखक, विभाग आणि छापील पान. एवढ्याशा कामासाठी वेगळी सेवा कशाला, वर्डप्रेसची तयार रेस्ट सेवा (ॲपने वेबपत्त्यावर मागितलेली माहिती देणारी) आहेच की, असं पहिल्यांदा वाटतं. ती आहे, २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या ४.७ आवृत्तीपासून लेख, पानं, वर्ग सगळं देते. पण ती वापरून पाहिली की तीन अडचणी लगेच समोर येतात. प्रत्येक लेखाबरोबर अख्खा मजकूर येतो. एका मागणीत जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात, न सांगितल्यास १०. आणि लेखक म्हणून वर्डप्रेसमधला वापरकर्ता येतो, म्हणजे साठही लेखांवर अंक अपलोड करणाऱ्या ऑपरेटरचं नाव! पान क्रमांक तर मेटामध्ये (लेखाला जोडून साठवलेल्या जादा माहितीत) असतो आणि मेटा मुद्दाम उघडा केल्याशिवाय बाहेर येतच नाही.

म्हणून स्वतःची सेवा लिहायची. खाली फंक्शनांची आणि फायलींची नावं देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मधली अंडरस्कोर किंवा जोडरेषा तशीच ठेवून टाइप करायची.

कोड ठेवायचा कुठे

थीमच्या ‘फंक्शन्स’ फायलीत नाही. पुढच्या वर्षी अंकाला नवं रूप द्यायचं ठरतं, थीम बदलते आणि ॲप बंद पडतं. कारण शोधायला दोन दिवस जातात. प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये ‘अनुक्रम-सेवा’ नावाचं फोल्डर करा आणि त्यात त्याच नावाची पीएचपी फाइल. फायलीच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये ‘प्लगइन नेम’ ही एकच ओळ सक्तीची आहे. तरी आवृत्ती आणि किमान किती पीएचपी लागते तेही लिहा, म्हणजे जुन्या सर्व्हरवर प्लगइन सुरू होण्याआधीच वर्डप्रेस अडवेल. त्याखाली लगेच तपासणी: ‘ॲब्सपाथ’ हा स्थिरांक (हा मात्र कॅपिटल अक्षरांत) नसेल तर तिथेच थांबायचं, म्हणजे फाइल कोणी थेट ब्राउझरमधून उघडली तरी काही चालणार नाही.

ॲडमिनमध्ये हौशी मंडळी जास्त असतील तर हेच प्लगइन ‘एमयू-प्लगइन्स’ फोल्डरमध्ये टाकता येतं. तिथलं प्लगइन पडद्यावरून बंद करता येत नाही. मात्र वर्डप्रेस त्या फोल्डरच्या वरच्या थरातल्याच पीएचपी फायली उचलतं, आतल्या फोल्डरमधल्या नाही. त्यामुळे बाहेर एक दोन ओळींची फाइल ठेवून ती आतली मुख्य फाइल बोलावते, असं करावं लागतं. तसंच तिथे ‘ॲक्टिव्हेट’चा हुक (ठरावीक घटनेच्या वेळी आपलं फंक्शन चालवायची सोय) कधीच चालत नाही.

मुख्य फायलीशिवाय दोन फायली पुरतात. एकीत काम, दुसरीत दार, म्हणजे मागणी घेऊन उत्तर देणारा भाग. काम करणाऱ्या क्लासला मागणी कुठून आली, कोणत्या पत्त्यावर आली, याचा पत्ता नसावा. त्याला वर्ष द्यायचं, त्याने यादी परत करायची, बस. ही शिस्त पाळली की तीच यादी साइटवरच्या अनुक्रमणिकेच्या पानाला, कमांड लाइनला आणि रात्रीच्या क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला) एकही ओळ न बदलता वापरता येते. न पाळली तर तीन ठिकाणी तीन याद्या तयार होतात आणि तिन्ही थोड्या वेगळ्या असतात.

माहितीची मांडणी

‘अंक’ नावाची टॅक्सॉनॉमी (वर्गीकरण), तिच्यात दर वर्षाची एक टर्म (वर्ग). ‘विभाग’ ही दुसरी: कथा, कविता, परिसंवाद, राशिभविष्य. ‘लेखक’ ही तिसरी. मेटा नको, कारण एका परिसंवादाला पाच लेखक असतात आणि एकाच लेखकाचं नाव तीन प्रकारे टाइप होतं. पान क्रमांक तेवढा मेटामध्ये.

अंकाच्या टर्मचा स्लग (वेबपत्त्यात येणारं नाव) हाताने द्या, फक्त इंग्रजी आकड्यांत वर्ष. नाव ‘दिवाळी २०२५’ असलं तरी चालेल, पण स्लग वर्डप्रेसवर सोडू नका. देवनागरी स्लग डेटाबेसमध्ये टक्क्याच्या चिन्हांच्या रूपात साठवला जातो. एक अक्षरचिन्ह म्हणजे ३ बाइट, ते लिहायला ९ रोमन चिन्हं. स्लगची मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजून जेमतेम २२ चिन्हं बसतात. ‘कोकणातल्या गणपतीच्या आठवणी’ घ्या: पहिल्या शब्दाची १० चिन्हं म्हणजे ९०, दुसऱ्याची ९ म्हणजे ८१, मधले दोन जोडरेषांचे २, झाले १७३. उरलेल्या २७ मध्ये तीनच चिन्हं मावतात आणि पत्ता ‘कोकणातल्या-गणपतीच्या-आठव’ असा तुटतो. लेखाचा पत्ता असा तुटला तर फक्त वाईट दिसतं. पण ॲपने लेख ओळखायला स्लग वापरला, तर उद्या कोणी तो सुधारल्यावर ॲपमधला लेख गायब होतो. ओळख म्हणून नेहमी लेखाचा क्रमांक द्या.

यादी काढणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश.

आधी ‘गेट_टर्म_बाय’ने त्या वर्षाची टर्म आहे का पाहा. नसेल तर तिथूनच परत फिरा. मग ‘डब्ल्यूपी_क्वेरी’. तिला नोंदींची संख्या स्वतः सांगा, २०० पुरेत. नाही सांगितली तर ‘वाचन’ सेटिंगमधली संख्या लागू होते, मूळची १०, आणि अनुक्रमणिका संपादकीयापासून दहाव्या लेखावर संपते.

‘पोस्ट_स्टेटस’ला ‘पब्लिश’ स्पष्ट लिहा. न लिहिल्यास पाहुण्याला फक्त प्रकाशित लेख मिळतात, पण लॉग-इन केलेल्या संपादकाला खासगी लेखही मिळतात. ती यादी कॅशमध्ये (पुन्हा वापरायच्या तात्पुरत्या साठ्यात) गेली की पुढच्या प्रत्येक वाचकाला अजून न जाहीर केलेल्या लेखाचं नाव दिसतं. ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकतर नेहमी लॉग-इन असतो नाहीतर कधीच नसतो.

क्रम पान क्रमांकाने लावायचा. ‘ऑर्डरबाय’ला ‘मेटा_व्हॅल्यू’ दिलं तर आकडे शब्दांसारखे लावले जातात आणि पान ११२ पान २३ च्या आधी येतं. ‘मेटा_व्हॅल्यू_नम’ दिलं की ते सुटतं, पण दुसरी खोच निघते: ज्या लेखाला पान अजून दिलेलंच नाही, तो यादीतून पूर्ण गळतो. मेटाशी जोडणी करताना डेटाबेस तशा नोंदी टाकूनच देतो. साठ लेखांसाठी डेटाबेसशी कुस्ती नको. क्रम न लावता सगळे लेख आणा, पीएचपीत ‘यूसॉर्ट’ने लावा, बिनपानाचे शेवटी ठेवा.

‘नो_फाउंड_रोज’ खरं ठेवा. एकूण किती हे मोजायची गरज नाही, एक क्वेरी वाचते. मात्र फक्त क्रमांक मागवून काटकसर करू नका. पूर्ण लेख मागवले की वर्डप्रेस त्यांचा सगळा मेटा आणि टर्म एकदमच आणून ठेवतं. फक्त क्रमांक मागवले की ते होत नाही आणि पुढे प्रत्येक लेखाच्या पानासाठी, लेखकासाठी वेगळी क्वेरी जाते.

आता नाव. ‘गेट_द_टायटल’ हे वेबपानासाठी सजवलेलं नाव देतं. शीर्षक ‘ती’ आणि मी असं असेल, तर त्यातली अवतरणचिन्हं आकडी एचटीएमएल संकेतांत बदलून येतात. ब्राउझर ते नीट दाखवतो. ॲप मात्र ‘ती’च्या दोन्ही बाजूंना अँपरसँड, हॅश, आकडे आणि अर्धविराम असा मजकूर जसाच्या तसा छापतं. ‘एचटीएमएल_एंटिटी_डीकोड’ मधून काढा, त्याला दोन्ही प्रकारची अवतरणं आणि यूटीएफ-८ सांगा.

दार

‘रेस्ट_एपीआय_इनिट’ या हुकवर ‘रजिस्टर_रेस्ट_रूट’ बोलवायचं. पहिली गोष्ट नेमस्पेस, म्हणजे पत्त्यातला आपल्या सेवेपुरता सुरुवातीचा भाग: ‘अनुक्रम/व्ही१’. दुसरी मार्ग: ‘अंक’ आणि त्यापुढे ‘वर्ष’ असं नाव दिलेला चार आकड्यांचा नमुना. हा नमुना फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. ॲपने फोनच्या मराठी मांडणीनुसार वर्ष देवनागरी आकड्यांत पाठवलं, तर ‘असा मार्ग नाही’ म्हणून ४०४ येतो आणि दोष सर्व्हरचा आहे असं वाटत राहतं. पत्ता बांधताना आकडे इंग्रजीत करणं हे ॲपचं काम.

वर्षाला प्रकार ‘इंटिजर’, किमान आणि कमाल मर्यादा द्या. बाकीची तपासणी वर्डप्रेस करतं. स्वतःचा ‘सॅनिटाइझ_कॉलबॅक’ (आलेली किंमत साफ करणारं फंक्शन) लावायचा मोह झाला तर सोबत ‘व्हॅलिडेट_कॉलबॅक’ही (ती तपासणारं फंक्शन) लावा, कारण पहिला लावला आणि दुसरा नाही, तर मर्यादांची तपासणीच बंद होते आणि कुठे सूचनाही येत नाही. या जागी ‘इज_न्यूमेरिक’ किंवा ‘इंटव्हॅल’ थेट लिहू नका. वर्डप्रेस कॉलबॅकला तीन गोष्टी देतं: किंमत, मागणी आणि नाव. पीएचपी ८ मध्ये ही अंगची फंक्शनं जास्तीच्या गोष्टींवर त्रुटी फेकतात आणि उत्तर ५०० (सर्व्हरमधली त्रुटी) येतं. ‘ॲबसइंट’ चालतं.

‘परमिशन_कॉलबॅक’ (मागणाऱ्याला परवानगी आहे का ते ठरवणारं फंक्शन) प्रत्येक मार्गाला हवा. वाचायचा मार्ग सगळ्यांना खुला असेल तर ‘रिटर्न_ट्रू’ (नावाआधी दोन अंडरस्कोर) मुद्दाम लिहा. ५.५ आवृत्तीपासून तो नसला तर सूचना मिळते, पण मार्ग बंद होत नाही, उघडाच राहतो! लॉग कोणी वाचत नसेल तर लिहिण्याचा मार्गही जगाला खुला.

उत्तर ‘इको’ करून थांबवू नका. यादी परत करा, तिचं जेसन (ॲपला वाचता येणारी मजकुराची मांडणी) वर्डप्रेस करेल. वर्ष सापडलं नाही तर ‘डब्ल्यूपी_एरर’ परत करा आणि त्याच्या माहितीत ‘स्टेटस’ ४०४ द्या. स्टेटस विसरलात तर साधं ‘अंक नाही’ हे उत्तरही ५०० म्हणून जातं आणि ॲप पुन्हा पुन्हा विचारत बसतं.

पानं बदलणारा मार्ग

अंकाची पानं छपाईच्या आदल्या दिवसापर्यंत स्थिर नसतात. शेवटच्या क्षणी दोन पानी जाहिरात येते आणि तिच्यापुढचे सगळे लेख दोन पानं सरकतात. चाळीस लेख उघडून हाताने आकडे बदलणं हे शिक्षेचं काम आहे, म्हणून दुसरा मार्ग: त्याच पत्त्यावर ‘पोस्ट’ पद्धतीने लेखक्रमांक आणि पान अशी यादी पाठवायची.

इथे परवानगी ‘एडिट_अदर्स_पोस्ट्स’ची तपासा, म्हणजे संपादक आणि त्यावरचे. यादीत जास्तीत जास्त २०० नोंदी, पान किमान १, दोन्ही इंटिजर, हे सगळं मार्गाच्या वर्णनातच लिहा. मग काम करणारा क्लास आधी पूर्ण यादी तपासेल: प्रत्येक लेख खरंच याच अंकातला आहे ना? एक जरी चुकला तरी काहीही न लिहिता परत फिरा. अर्धी पानं नवी, अर्धी जुनी अशी अनुक्रमणिका कोणालाच नको.

लिहिताना ‘अपडेट_पोस्ट_मेटा’च्या उत्तराने फसू नका. किंमत आधीचीच असेल तरी ते ‘फॉल्स’ देतं. ते अपयश धरलं तर तीच यादी दुसऱ्यांदा पाठवल्यावर सगळ्या नोंदी ‘अयशस्वी’ दिसतात. आधी जुनी किंमत वाचा, वेगळी असेल तरच लिहा, आणि उत्तरात बदललेल्या व न बदललेल्या नोंदींची संख्या द्या.

ओळख पटवायचे दोन रस्ते. ॲडमिनच्या पानावरून मागणी जात असेल तर कुकीबरोबर ‘डब्ल्यूपी_रेस्ट’ नावाचा नॉन्स (थोडा वेळ चालणारा सुरक्षा-संकेत) हेडरमध्ये पाठवावा लागतो. नॉन्स नसेल तर वर्डप्रेस त्या मागणीला पाहुणा धरतं. ‘मी तर लॉग-इन आहे, तरी ४०१ (ओळख पटली नाही) कसा?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच. नॉन्स चुकीचा किंवा शिळा असेल तर ४०३ (परवानगी नाही) येतो. तो फार तर २४ तास चालतो, त्यामुळे नॉन्स असलेलं पान कॅशमध्ये ठेवू नये.

मांडणी करणाऱ्याच्या संगणकावरून स्क्रिप्ट चालणार असेल तर ५.६ पासून आलेला ॲप्लिकेशन पासवर्ड. वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये तो तयार होतो: २४ अक्षरं, चार-चारच्या गटांत. खरा पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही आणि काम झालं की तेवढाच रद्द करता येतो. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर असा पासवर्ड तयार करता येत नाही. पासवर्ड बरोबर असूनही ४०१ येत असेल तर सर्व्हर ‘ऑथरायझेशन’ हेडर वाटेतच गिळतो आहे. अपाची असेल तर ॲडमिनमध्ये पर्मालिंकचं पान उघडून फक्त ‘जतन’ दाबा, ५.६ पासून वर्डप्रेस हे हेडर पुढे पाठवणारा नियम ‘.htaccess’ फायलीत स्वतः लिहितं. एनजिनएक्स ती फाइल वाचत नाही, तिथे नियम सर्व्हरच्या सेटिंगमध्येच घालावा लागतो.

कॅश, आणि ती मोडायची कशी

अंक प्रसिद्ध झाल्याच्या दिवशी हजारो फोन एकच यादी मागतात. ती दर वेळी नव्याने काढायची गरज नाही. ‘सेट_ट्रान्झियंट’ने ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात) १२ तास ठेवा. मुदत द्यायला विसरू नका: बिनमुदतीचा ट्रान्झियंट ऑप्शन्सच्या टेबलात प्रत्येक पानाबरोबर आपोआप वाचला जातो, मुदतीचा वाचला जात नाही. वाचताना तीन बरोबर-चिन्हांनी ‘फॉल्स’शी तुलना करा, नाहीतर रिकामी यादी आणि ‘काहीच ठेवलेलं नाही’ यातला फरक कळत नाही. नसलेल्या वर्षासाठी काहीही साठवू नका. चार आकड्यांचे सगळे पत्ते ठोकून पाहणारा एखादा बॉट हजारो ओळी टेबलात भरून जातो.

मोडणं हे खरं अवघड. नेहमीची चूक म्हणजे ‘सेव्ह_पोस्ट’ हुकवर कॅश पुसणं. ब्लॉक एडिटरमधून लेख जतन होतो तेव्हा हा हुक आधी चालतो; टर्म आणि मेटा त्यानंतर लिहिले जातात. मधल्या क्षणात कोणी यादी मागितली तर जुन्याच माहितीवर नवी कॅश तयार होते आणि १२ तास तशीच राहते. ५.६ पासून ‘डब्ल्यूपी_आफ्टर_इन्सर्ट_पोस्ट’ हा हुक आहे, तो सगळं लिहून झाल्यावर चालतो, तो घ्या. सोबत ‘डिलीटेड_पोस्ट’ आणि ‘एडिटेड_टर्म’, कारण लेखकाच्या नावातली वेलांटी सुधारली तरी लेख जतन होत नाही.

आणि पुसायचं काय? लेख २०२४ च्या अंकातून काढून २०२५ मध्ये टाकला तर दोन्ही याद्या बदलतात, पण हुकला फक्त नवं वर्ष दिसतं. म्हणून पुसायच्या भानगडीत न पडता एक आकडा ऑप्शनमध्ये ठेवा आणि तो ट्रान्झियंटच्या नावात घाला. काहीही बदललं की आकडा एकने वाढवा. जुन्या नावाच्या याद्या कोणी मागत नाही. मुदत संपली की वर्डप्रेसचं रोजचं सफाईचं काम त्या काढतं. पानं बदलणाऱ्या मार्गातही शेवटी एकदाच आकडा वाढवायचा, प्रत्येक नोंदीला नाही.

चालवून पाहताना

प्लगइन सुरू करून पत्ता उघडला आणि ४०४ आला तर उत्तर कोणाचं आहे ते पाहा. जेसनमध्ये ‘रेस्ट_नो_रूट’ असेल तर मार्गाचा नमुना चुकला आहे. साइटचं नेहमीचं ‘पान सापडलं नाही’ दिसत असेल तर पर्मालिंक ‘साधे’वर आहेत, ते बदला, किंवा तात्पुरतं प्रश्नचिन्हानंतर ‘रेस्ट_रूट’ लिहून तोच मार्ग द्या.

कर्लने (कमांड लाइनवरून पत्ता मागवणाऱ्या साधनाने) मागितल्यावर अक्षरांऐवजी तिरक्या रेषा, यू आणि आकडे दिसले म्हणून घाबरू नका. जेसनमध्ये देवनागरी लिहायची ती एक वैध पद्धत आहे, ॲप ती अक्षरांतच वाचतं. फक्त एकेका चिन्हाला ३ ऐवजी ६ बाइट लागतात. सर्व्हरवर जीझिप चालू असेल तर बराचसा फरक भरून निघतो. नसेल तर ६.१ पासून आलेल्या ‘रेस्ट_जेसन_एन्कोड_ऑप्शन्स’ फिल्टरने अक्षरं तशीच पाठवता येतात.

ॲप ‘जेसन मोडका आहे’ म्हणत असेल आणि ब्राउझरमध्ये सगळं ठीक दिसत असेल, तर उत्तराचे पहिले काही बाइट पाहा. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एक रिकामी ओळ, किंवा नोटपॅडने फायलीच्या तोंडाशी घातलेली अदृश्य बीओएम खूण, एवढंही पुरतं. खऱ्या साइटवर त्रुटी पडद्यावर दाखवणं बंद आणि लॉगमध्ये लिहिणं चालू ठेवा. मात्र तो लॉग ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्येच तयार होतो आणि पत्ता माहीत असलेल्या कोणालाही उघडतो, तेव्हा त्याची जागा बदला किंवा सर्व्हरकडून तो पत्ता बंद करा.

पाठवण्याआधी एवढं हाताने करून पाहा: लॉग-आउट अवस्थेत यादी, संपादक म्हणून तीच यादी (लेखांची संख्या सारखीच हवी), नसलेलं वर्ष, पान नसलेला लेख, एका लेखाचं पान बदलून लगेच पुन्हा मागणी, आणि ‘लेखक’ पातळीच्या (वर्डप्रेसमधल्या ‘ऑथर’ भूमिकेच्या) खात्याने पानं बदलायचा प्रयत्न. शेवटच्यात ४०३ यायलाच हवा.

ॲप एकदा लोकांच्या फोनवर गेलं की ‘व्ही१’मधलं नाव बदलू नका. नवं क्षेत्र खुशाल वाढवा, जुनी ॲप्स त्याकडे दुर्लक्ष करतात. पण ‘पान’ ही संख्या होती आणि आता ‘पान ते पान’ असा मजकूर द्यायचा आहे, तर ‘व्ही२’ काढा. दोन्ही दारं एकाच क्लासला विचारतील, आणि जुनं दार निदान पुढच्या दिवाळीपर्यंत उघडं ठेवा.